आजचे दाणे

"चौदाशे चोवीस," बिजल म्हणाली आणि तोरलच्या तोंडात थेपल्याचा घास सरकवला. "जामा मशीद, चौदाशे चोवीस. दोनशे साठ खांब."

"खांब," तोरल म्हणाली, आणि घास बाहेर काढून हातात धरून बघत बसली.

"शाब्बास. खा आता. खांब खा."

मोरपगला पोळमधल्या, म्हणजे तोंडाशी दरवाजा असलेल्या जुन्या गल्लीतल्या, नऊ नंबरच्या घरात गेले तीन महिने हे असंच चाललं होतं. डाळीला फोडणी पडायची ती चौदाशे अकरा साली, सव्वीस फेब्रुवारीला, शहराचा पाया घातला त्या दिवशी. धुण्याची बादली गच्चीवर चढायची ती अठराशे एकोणीसच्या भूकंपात, मशिदीचे डुलते मिनार कोसळले तेव्हा. तोरल दुपारची झोपली की मिळेल तो अर्धा-पाऊण तास बिजल वही उघडून बसायची, आणि पान पाठ होतंय असं वाटेपर्यंत पलंगावरून दोन छोटे पाय खाली लोंबकळायला लागायचे.

म्हणूनच माणेकनाथबाबाची गोष्ट तिला सगळ्यांत जवळची वाटे. बादशहाची माणसं दिवसभर शहराचा कोट बांधत आणि बाबा आपल्या झोपडीत बसून चटई विणत. संध्याकाळी बाबा चटई उसवायला लागले की तिकडे दिवसभर बांधलेला कोट धडाधड खाली येई. बिजल मनाशी म्हणे, माझ्या घरातला माणेकनाथ सव्वादोन वर्षांचा आहे. सकाळी विणलेलं सगळं दुपारी चार वाजता उसवतो, आणि वर गोड हसतो.

ही सगळी धडपड एका बिल्ल्यासाठी होती. सकाळी आठला कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून पायी निघायचं, जुनं शहर दाखवत दाखवत साडेदहाला जामा मशिदीच्या दारात पोचायचं. या सहलीला एक वाटाड्या हवा होता. परीक्षेच्या तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत तिसऱ्याच थांब्यावर फोन आला की तोरलला ताप भरलाय, आणि बिजल अकरा माणसांना देवळाच्या पायरीवर बसवून घरी पळाली. दुसऱ्या फेरीत ती झवेरीवाडमधल्या एका खिडकीवर पंचवीस मिनिटं बोलली. मशिदीत पोचेपर्यंत अकरा वाजले, आणि सुरतेच्या एका काकांना उन्हाने चक्कर आली. परीक्षा घेणारे वसावडासाहेब तेव्हा डोक्यावरची टोपी नीट करत म्हणाले होते, "बेन, तुम्ही शहर दाखवायला निघालात की पोथी लावायला?"

आज तिसरी फेरी होती, आणि शेवटची. आज एक मिनिटही उशीर झाला तर बिल्ला गेला.

बिजल मूळची नदीपारची, पालडीची. तिकडे रुंद रस्ते, लिफ्ट, खिडकीखाली गाड्या. लग्न होऊन मोरपगलामध्ये आली तेव्हा दारातल्या ओट्यावर बसलेल्या बायका एकमेकींना सांगत, "कुंदनबेनची सून. नदीपारची आहे." जणू विलायतेहून आली. पण तोरल झाल्यावर तिला मांडीवर घेऊन खिडकीत बसायची सवय लागली, आणि समोरच्या विमुकाकींच्या घराचे लाकडी टेकू ती न्याहाळू लागली. एकेका टेकूवर कोरलेले पोपट. मोजले तर सदतीस भरले. अडतिसावा अर्धवट होता. कोरणारा का थांबला असेल, या विचारात एक दिवस तिचं दूध उतू गेलं, आणि तेव्हापासून तिला शहराचं वेड लागलं.

सासूबाईंनी, म्हणजे बांनी, या वेडाला कधी आडकाठी केली नाही. टोमणे मात्र मोजून मारले. "चार वर्षं झाली, पोळमधल्या सत्तावीस घरांची नावं धड येत नाहीत, आणि निघाली जगाला शहर दाखवायला."

"येतात बा."

"पंधरा नंबरमध्ये कोण राहतं?"

"सोनेजी."

"सोनेजी सोळामध्ये. पंधराला कुलूप आहे."

काल संध्याकाळीसुद्धा बा काहीतरी बोलल्या होत्या. तोरलचे केस धुवायचे होते, ती किंचाळत होती, डोळ्यांत साबण गेला होता, आणि बिजल मनातल्या मनात राणीच्या हजीऱ्यापासून, म्हणजे कबरीपासून, बादशहाच्या हजीऱ्यापर्यंतची पावलं मोजत होती. बा न्हाणीच्या दारात गुडघा चोळत उभ्या राहिल्या. "माझे गुडघे आता ऐकत नाहीत. उद्यापासून तू."

"हो बा," बिजल म्हणाली.

बा जरा वेळ तिथंच उभ्या होत्या. मग जिना उतरून खाली गेल्या. गुडघे ऐकत नसताना बा कशाला खाली गेल्या, हेसुद्धा बिजलच्या डोक्यात आलं नाही.

आज सकाळी उंबऱ्यात पितळेचं मापटं ठेवलेलं होतं, ज्वारीने काठोकाठ भरलेलं. बिजलने ते पाहिलं आणि मनात म्हणाली, बा पण ना, पोरगी सांडून ठेवेल सगळं. तिने मापटं उचललं आणि वरच्या फळीवर लोणच्याच्या बरण्यांशेजारी ठेवून दिलं.

"पोपट!" तोरल म्हणाली.

"हो राणी, पोपट."

"पोपट! पोपट!" तोरलने तिची ओढणी धरून दाराकडे ओढायला सुरुवात केली. बिजलने टोपलीतला लाकडी पोपट काढून तिच्या हातात दिला. तोरलने तो भिंतीवर फेकला आणि असं काही रडं काढलं, की आता माझी आई बुद्धीने कमी पडते आहे हे साऱ्या पोळला कळावं.

"जा तू," बा आतून म्हणाल्या. "मी बघते तिच्याकडे. आणि हे काय, कॅनव्हासचे बूट? देवळात निघालीस की कबड्डीला?"

"चालायचंय बा, अडीच तास."

"चाल. पण बाहेर पडताना डोळे उघडे ठेवून चाल."

बिजल हसली आणि दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेली. पोळच्या दरवाजाच्या आत छोटा चौक होता. चौकाच्या मधोमध कोरीव लाकडी खांबावर पाखरांचा चबुतरो, आणि त्याच्या शेजारच्या भिंतीवर काळा फळा. तारेवर पोपट दाटीवाटीने बसून कलकलाट करत होते. बिजल त्यांच्याखालून, फळ्यासमोरून, 'अठराशे बावीस, बर्मी सागाचे खांब' असं पुटपुटत निघून गेली.

*

मंदिराच्या दारात मंडळी जमली होती. जबलपूरहून आलेले दुबे नवरा-बायको, केरळातल्या दोन कॉलेजच्या मुली, डेन्मार्कची एक उंचच उंच बाई, बडोद्याचं एक कुटुंब आणि आणखी चार-पाच जण. सगळ्यांच्या मागे टोपी, मनगटी घड्याळ आणि छोटी वही घेऊन वसावडासाहेब.

"नमस्ते बेन. मुलगी बरी आहे?"

"एकदम बरी साहेब. सकाळीच पोपट फेकून मारलाय."

"उत्तम. मग चला. मी आज मुका आहे, असं समजा."

आणि ती फेरी अशी काही रंगली म्हणता! बिजलला स्वतःलाच आश्चर्य वाटत होतं. देवळातल्या रंगीत लाकडी खांबांपाशी पाच मिनिटं, एक सेकंद जास्त नाही. गल्लीच्या तोंडाशी स्कूटरवाला आडवा आला तर ती न थांबता म्हणाली, "आमच्या गल्ल्या मुद्दामच इतक्या अरुंद आहेत, ऊन आत येऊ नये म्हणून. स्कूटर आत येऊ नये असंही असतं तर बरं झालं असतं." दुबेजी मोठ्याने हसले. घराच्या पोटातलं पावसाच्या पाण्याचं टाकं दाखवलं तेव्हा केरळच्या मुलींनी वाकून त्यात हाक मारली आणि आतून आलेल्या स्वतःच्याच आवाजावर खूश झाल्या. बिजलने चोरून घड्याळ पाहिलं. चार मिनिटं हातात होती.

मोरपगला पोळचा थांबा तिने मुद्दाम मनात राखून ठेवला होता. पावणेदहाला पाच मिनिटं कमी असताना तिने सगळ्यांना दरवाजातून चौकात आणलं आणि चबुतऱ्याकडे हात केला. तिचा आवाज आपोआप मऊ झाला.

"हा माझ्या सासरचा चबुतरो. एकशे साठ वर्षांपूर्वी बांधला. आमच्याकडे माणसांच्या घराआधी पाखरांचं घर बांधायची पद्धत. सत्तावीस घरांनी पाळी वाटून घेतलीय. रोज एका घराने शिडीवर चढून दाणे घालायचे, सकाळी आठच्या आत. एकशे साठ वर्षांत एक सकाळ चुकलेली नाही. पूर आला, भूकंप आला. कर्फ्यू लागला तेव्हा चौकात उतरता येईना, तर वरच्या गच्चीवरून टोपली दोरीला बांधून खाली सोडली आणि दाणे घातले. पण पाखरांना उपाशी ठेवलं नाही."

डेन्मार्कच्या बाईने मान तिरकी करून वर पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. तारेवर, गच्चीच्या कठड्यावर, विमुकाकींच्या कोरीव पोपटांच्या डोक्यावर खरे पोपट बसले होते. तीस-चाळीस तरी असतील. आणि ते असे ओरडत होते की घेणेकरी दारात आलेत असं वाटावं.

"मग आज भांडं रिकामं कसं?" दुबेजींनी विचारलं.

बिजलने वर पाहिलं. चबुतऱ्याच्या कमळासारख्या भांड्यात एक दाणा नव्हता.

"आज कुणाची पाळी आहे?" डेन्मार्कच्या बाईने तोडक्यामोडक्या हिंदीत विचारलं.

मुके असलेले वसावडासाहेब फळ्यापाशी गेले. चष्मा वर करून त्यांनी वाचलं, "आजचे दाणे. घर नंबर नऊ." मग जरा थांबून, "बिजलवहू."

बिजलने फळ्याकडे पाहिलं. गेली चार वर्षं नऊ नंबरपुढे 'कुंदनबेन' असं नाव असे. आज ते पुसलेलं होतं. नवं नाव किंचित थरथरत्या, डावीकडे झुकलेल्या अक्षरात होतं. फळीवरच्या लोणच्याच्या बरण्यांवर याच अक्षरात लिहिलेलं असे, 'गोड', 'तिखट', 'हात लावू नये'. काल संध्याकाळी बा दुखऱ्या गुडघ्यांनी दोन जिने उतरून इथं आल्या होत्या, खडू घेऊन. *उद्यापासून तू.* आणि ती 'हो बा' म्हणाली होती.

पितळेचं मापटं. पोपट, पोपट. सगळं एकदम तिच्या अंगावर आलं, एखाद्या कोंबून भरलेल्या कपाटाचं दार उघडावं तसं.

समोरच्या झरोक्यातून विमुकाकी कधीपासून वाकून उभ्या होत्या. आता त्यांना राहवलं नाही. "मी घालणार होते गं! साडेआठला मापटं घेऊन खाली उतरले, तर तुझी सासू वरून ओरडली, विमु, हात लावू नको. तिची पाळी आहे. ती इथूनच जाणार आहे माणसं घेऊन, तेव्हा घालेल. आता सांग, पोपटांना कोण समजावणार, की वहू परीक्षा देऊन येतेय म्हणून!"

चौकात हशा पिकला. बिजलने वर पाहिलं. नऊ नंबरच्या खिडकीत बा उभ्या होत्या, कडेवर तोरल. तोरल आईला पाहून दोन्ही हात पसरून म्हणाली, "पोपट!", या वेळी अगदी सावकाश, लहान मुलाला समजावतात तसं.

वसावडासाहेबांनी मनगट वर केलं. "नऊ सत्तेचाळीस. पुढे निघायचं का बेन?"

निघता आलं असतं. इथून झवेरीवाडमार्गे माणेकचौक, हजीरो, मशीद. बरोब्बर त्रेचाळीस मिनिटं. 'कोणीतरी विसरलं असेल' असं हसून म्हणायचं आणि पुढची गल्ली धरायची. जबलपूरला आणि डेन्मार्कला काय कळणार होतं?

"साहेब," बिजल म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. मग ती मंडळींकडे वळली. "बिजलवहू म्हणजे मीच. एकशे साठ वर्षांत एकच सकाळ चुकली, ती आजची, आणि ती माझ्याकडून. आणि मी इथे उभी राहून तुम्हाला त्याचीच फुशारकी सांगत होते. मला पाच मिनिटं द्या. जास्त लागतील, पण द्या."

आणि ती पळाली. कॅनव्हासचे बूट दोन जिने धाडधाड चढले.

बा दारातच होत्या. "फळीवर आहे. तूच ठेवलंस."

"बा, तुम्ही सकाळी एकदा सांगायचं तरी!"

"काल सांगितलं होतं. हो म्हणालीस."

"मला उशीर होईल बा. शेवटची फेरी आहे."

"पोपटांनाही उशीरच झालाय," बा म्हणाल्या, आणि बरणीशेजारचं मापटं स्वतःच्या हाताने काढून तिच्या हातात दिलं. "सावकाश चढ. चौथी पायरी डुगडुगते."

चौथी पायरी खरंच डुगडुगली. डेन्मार्कच्या बाईने पुढे होऊन दोन्ही हातांनी शिडी धरली. बिजलने पहिली मूठ कमळात टाकली तेव्हा सबंध तार रिकामी झाली. हिरव्या पंखांचा एक झोत तिच्या कानाजवळून गेला. एक आगाऊ पोपट थेट मापट्याच्या काठावर बसून तिच्याकडे एका डोळ्याने बघू लागला, उशिराचं कारण विचारल्यासारखा.

"मी पण!" खालून केरळची एक मुलगी ओरडली. मग दुसरी. मग दुबेबाई, गुडघ्यापर्यंत साडी उचलून. दुबेजी म्हणाले, "अगं पडशील," आणि स्वतःच तिच्यामागे रांगेत उभे राहिले. प्रत्येकाला एक मूठ. नाही कोणाला म्हणणार? बडोद्याच्या कुटुंबातल्या आजोबांनी शिडी चढता येत नाही म्हणून आपली मूठ बिजलच्या ओंजळीत दिली आणि वर बघत हात जोडले. शेवटचा दाणा पडला तेव्हा वसावडासाहेब वहीत काहीतरी लिहीत होते. घड्याळात दहा वाजून आठ मिनिटं झाली होती.

संपलं, बिजलच्या मनात आलं. पण आश्चर्य म्हणजे तिला रडू येत नव्हतं. हाताला ज्वारीचा वास येत होता. तिने ओढणीने कपाळ पुसलं. "चला. माणेकचौकात जाऊ. साडेदहाला काही पोचत नाही आता, पण दाखवायचं ते दाखवते."

"थांब," वरून आवाज आला.

बा खिडकीतून वाकल्या होत्या. "विमु! तुझा मागचा दरवाजा उघड."

विमुकाकींच्या स्वयंपाकघरामागे एक दार आहे आणि ते पलीकडच्या पोळमध्ये निघतं, हे बिजल चार वर्षं नुसतं ऐकून होती. पूर्वी दंगाधोपा झाला की बायकापोरं त्या वाटेने निसटत. आता ते लग्नाला नाहीतर मयताला उघडे, आणि घरच्याच माणसांना. बिजलला तिथून कोणी कधी नेलं नव्हतं, आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं.

"सगळ्यांना?" विमुकाकी किंचाळल्या. "कुंदन, अगं चुलीवर हांडवो आहे माझा!"

"बघू दे त्यांना हांडवोपण. तुझा हांडवोही काही कमी जुना नाही."

"मेली, इतक्या लोकांसमोर!" पण विमुकाकींच्या बांगड्यांचा आवाज आतल्या दिशेने निघालासुद्धा होता. खालून कडीचा खणखणाट ऐकू आला. "या, या लवकर! चपला हातात घ्या. बिजल, तू पुढे हो, तुझीच माणसं आहेत. आणि फरशी ओली आहे, आपटू नका कोणी!"

सतरा माणसं हातात चपला घेऊन विमुकाकींच्या ओसरीतून, देवघरावरून, डाळ-तांदळाच्या पिठाच्या हांडवोच्या खमंग वासातून रांगेने गेली. जाताना प्रत्येकाच्या हातात काकींनी एकेक गरम तुकडा कोंबला. "खा, खा, चालताना खाल्लं तर काय होतं?" डेन्मार्कच्या बाईला दोन मिळाले, उंची पाहून. मागचं दार बुटकं होतं, त्या बाईला जवळजवळ बसूनच जावं लागलं. पलीकडे एक माणूस मावेल एवढीच वाट, दोन्हीकडे विटांच्या थंडगार भिंती, आणि बिजल अंधारात मागे वळून सांगत होती, "इथे आवाज कमी. दुसऱ्यांची घरं आहेत. इथून आमच्या आजेसासूबाई वरातीतून आल्या होत्या." हे तिला कोणी सांगितलं होतं? बांनी. कधीतरी भाजी निवडताना. आपण तेव्हा ऐकत होतो तर, तिला वाटलं.

वाट एका अनोळखी चौकात निघाली. तिथल्या एका बाईने न विचारता पुढचा दरवाजा उघडून धरला. विमुकाकींचा आवाज पोळ ओलांडून आधीच पोचला होता. आणखी एक वळण, आणि समोर माणेकचौक. गवताच्या पेंढ्या, गवत खाणाऱ्या गायी, सराफांची नुकती उघडणारी दुकानं.

"दहा एकोणीस," वसावडासाहेब म्हणाले. मग खोकले, आपण मुके आहोत हे आठवून.

बिजल माणेकनाथबाबाच्या समाधीपाशी थांबली. हातात अर्धा हांडवो होता तो तिने तोंडात टाकला आणि गोष्ट सांगितली, चटईची, कोटाची. "माझ्या घरी एक माणेकनाथ आहे," ती शेवटी म्हणाली, "सव्वादोन वर्षांची. मी सकाळी पाठ करते ते ती दुपारी उसवते. पण आज सकाळी एकटी तीच बरोबर होती. ती मला सांगत होती, पोपट उपाशी आहेत." बडोद्याच्या आजींनी डोळे टिपले. दुबेजींनी विचारलं की हांडवोची कृती मिळेल का.

राणीच्या हजीऱ्याभोवतीच्या दुकानांत केरळच्या मुली नाहीशा झाल्या. त्यांना बांगड्यांच्या ढिगाऱ्यातून ओढून काढण्यात सहा मिनिटं गेली. "राण्या आत झोपल्यात, बाहेर खरेदी चाललीय. बायकांच्या कबरीला याहून चांगला शेजार कुठला मिळणार?" बिजल घाईघाईने म्हणाली, आणि सगळ्यांना पुढे हाकललं.

जामा मशिदीच्या पायऱ्यांवर पाय ठेवला तेव्हा दहा वाजून चौतीस मिनिटं झाली होती.

बिजलने विचारलंही नाही. ती आत गेली, मोकळ्या अंगणात उभी राहिली, आणि दोनशे साठ खांबांबद्दल, चौदाशे चोवीसबद्दल, कोसळलेल्या मिनारांच्या उरलेल्या बुंध्यांबद्दल सांगितलं. चार वाक्यांत. एका मिनाराला हलवलं की दुसरा डुलायचा, असं सांगताना तिच्या डोळ्यांसमोर खिडकीतून वाकलेल्या बा आणि झरोक्यातून वाकलेल्या विमुकाकी होत्या.

मंडळी पांगली. डेन्मार्कची बाई जाताना बिजलला मिठी मारून गेली. बिजलचं नाक तिच्या कोपराला लागलं. वसावडासाहेब हौदाच्या काठावर बसून वही लिहीत होते.

"बसा बेन."

बिजल बसली.

"चार मिनिटं उशीर."

"हो साहेब."

"परक्याच्या घरातून माणसं नेली. असं नियमात नाही."

"परक्याचं नाही साहेब," बिजल म्हणाली. मग तिचं तिलाच नवल वाटलं, आणि तिने पुन्हा, सावकाश म्हटलं, "परक्याचं नाही."

वसावडांनी टोपी काढली. टक्कल उन्हात चमकलं. "अकरा वर्षं मी त्या चौकात लोकांना आणतो. 'एक सकाळ चुकलेली नाही' हे वाक्य मीच सगळ्या वाटाड्यांना शिकवलं. मला काय ठाऊक, खरं की खोटं! मी एकदाही वर भांड्यात पाहिलं नव्हतं." त्यांनी वही तिच्याकडे वळवली. तारीख, फेरी तिसरी, आणि खाली बारीक अक्षरात: *उशीर मिनिटे चार. कारण: पोपट. पास.*

बिजल त्या शब्दाकडे बघत राहिली.

"सोमवारी आठ वाजता," साहेब म्हणाले. "दाण्यांची पाळी असेल त्या दिवशी आधी ते उरका, मग या. आणि त्या काकींना विचारा, मागचा दरवाजा महिन्यातून एकदा तरी उघडतील का."

"हांडवोचं कौतुक केलं तर रोज उघडतील साहेब."

*

घरी पोचली तेव्हा तोरल बांच्या मांडीवर झोपली होती, मुठीत ज्वारीचे चार दाणे घट्ट धरून. बांनी ओठांवर बोट ठेवलं. मग भुवया उंचावून विचारलं.

बिजलने मान हलवली. हो.

"हं," बा म्हणाल्या. त्यांनी नातीचे केस मागे सारले. "सोमवारपासून असेल. हिला मी बघेन म्हणा. गुडघ्यांना हिच्यामागे पळायला मात्र सांगू नको."

"बा, तुम्ही काल स्वतः खाली गेलात. फळ्यावर लिहायला."

"मग काय विमुला सांगणार होते? तिचं अक्षर बघितलंस?" बांनी विषय मोडला. "पुढची पाळी सत्तावीस दिवसांनी. कॅलेंडरवर लिही."

"लिहिलं बा. बूट काढायच्या आधी."

बा गालात हसल्या. मग जेवणाची ताटं मांडायला बिजल उठली, तर मागून बांचा आवाज आला, अगदी हळू, तोरलला थोपटण्याच्या तालावर:

"चौदाशे चोवीस. दोनशे साठ खांब."

बिजल वळली. "तुम्हाला पाठ आहे?"

"तीन महिने ऐकतेय," बा म्हणाल्या. "भिंतींनासुद्धा पाठ झालं असेल. माणेकनाथाला उठवू नको आता. जेवून घे."